मुंबईची जुनी चित्रे : विशेषनाम आणि सामान्यनाम

१

औद्योगिक नगरांच्या इतिहासाचा अभ्यास करताना जुन्या चित्रांचा आधार घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. अमुक इमारत कशी होती, रस्ता किती रुंद होता, समुद्राचे पाणी कोठवर येत होते, या प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्यात शोधण्यापेक्षा चित्रात शोधणे सुलभ वाटते. मुंबईच्या बाबतीत अशा साधनांची वाण नाही. ताम्रपटावरून छापलेली दृश्ये, शिळाछाप चित्रे, वास्तुकारांची आलेखने, छायाचित्रे आणि टपालाची चित्रपत्रे यांचा मोठा संचय उपलब्ध आहे. शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा यांचा मुंबईविषयक ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून या संचयातील पुष्कळ चित्रे सामान्य वाचकाच्याही परिचयाची झाली आहेत. तथापि साधनांच्या या विपुलतेतूनच एक समज बळावला आहे. शहर जसे होते तसेच ते चित्रात उतरले असले पाहिजे, हा तो समज होय. प्रस्तुत लेखात या समजाचे परीक्षण करावयाचे आहे.

परीक्षणास कारण असे की, मुंबईचे औद्योगिक स्वरूप आणि मुंबईचे चित्रित स्वरूप यांत मोठी तफावत दिसून येते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. १९०० च्या सुमारास गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास पोहोचली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. म्हणजे सव्वाशे वर्षे या शहराचा प्रपंच प्रामुख्याने कापसाच्या धाग्यावर चालला. असे असता मुंबईची म्हणून जी चित्रे वारंवार छापली जातात, त्यांत गिरणीला स्थान अत्यल्प आहे. धुराडे दिसलेच, तर ते क्षितिजावर. आणि गिरणी सुटल्यावर जो रस्ता माणसांनी भरून जात असे, तो तर क्वचितच दिसतो. हा केवळ योगायोग मानावा काय?

२

या प्रश्नाचा विचार चित्राच्या रेषांपासून सुरू करण्याची रीत आहे. येथे तो चित्राखालील शब्दांपासून केला आहे. छापील दृश्याखाली जी ओळ असते, ती पुष्कळदा चित्रकाराची नसून प्रकाशकाची असते. चित्र विकत घेणाऱ्याने त्यात काय पाहावे, हे ती सांगते. म्हणून ग्राहकाच्या अपेक्षेचा पुरावा या दृष्टीने ती ओळ चित्रापेक्षाही अधिक स्पष्ट असते.

या ओळी एकत्र वाचल्या असता त्यांत एक नियम आढळतो. इमारतीस विशेषनाम असते. रस्त्यास, विशेषतः देशी वस्तीतील रस्त्यास, सामान्यनाम असते. टाउन हॉल, सेंट थॉमस कॅथीड्रल, राजाबाई टॉवर, ही झाली इमारतींची नावे. याउलट काळबादेवी, भुलेश्वर वा पायधुणी येथील एखादा रस्ता टिपला असला, तर त्याखाली ‘देशी वस्तीतील एक रस्ता’ एवढाच उल्लेख अनेकदा सापडतो. त्या रस्त्याला नाव नव्हते असे नव्हे. तेथे राहणारा प्रत्येक जण ते नाव जाणत होता. पण चित्र ज्याच्यासाठी तयार झाले त्याला ते नाव जाणून घेण्याचे प्रयोजन नव्हते. विशेषनाम एका वस्तूस इतरांपासून वेगळे करते. सामान्यनाम तिला जातीत विलीन करते. मुंबईच्या चित्रपरंपरेत कोणाला विशेषनाम मिळाले आणि कोणाला सामान्यनाम मिळाले, हे पाहिले म्हणजे त्या परंपरेची दृष्टी कळून येते.

३

या परंपरेच्या आरंभी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार उभा आहे. तो १७९१ मध्ये मुंबईस आला, पुण्याच्या पेशवे दरबारातील व्यक्तींची चित्रे त्याने काढली आणि १७९५ मध्ये तो निधन पावला. मुंबई बेट व त्याचा परिसर यांची त्याची बारा दृश्ये मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्यात त्याच्या सहवासात काम केलेल्या गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराचे नाव महाराष्ट्रातील कलेतिहासात आदराने घेतले जाते. वेल्सच्या दृश्यांत शहर कमी आणि भूमी अधिक आहे. माझगावच्या टेकडीवरील बेलमाँट, शीवचा किल्ला, महालक्ष्मीजवळचा बांध, अशी त्याची पाहण्याची ठिकाणे होत. सर्व ठिकाणे उंचावरची किंवा मोकळी. समोर झाडे, मध्ये पाणी किंवा सखल जमीन, दूर डोंगर. सात बेटांमधील खाचरे बुजवून जी भूमी एकसंध होत होती, तिचेच हे दर्शन आहे.

भायखळा, परळ, वरळी यांच्या मधला जो सखल प्रदेश पुढे गिरणगाव म्हणून ओळखला गेला, तो महालक्ष्मीच्या बांधामुळेच भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित झाला. वेल्सने बांध चित्रित केला, कारण ते त्या काळचे मोठे बांधकाम होते. बांधामागची जमीन त्याच्या दृष्टीने पार्श्वभूमी होती. हा दोष वेल्सचा नव्हे. त्याच्या काळी तेथे गिरणी नव्हती. परंतु उंच जागेवरून शहराकडे पाहण्याचा जो प्रघात पडला, तो पुढे गिरण्या आल्यावरही सुटला नाही. मलबार टेकडीवरून दिसणारा बॅकबेचा अर्धचंद्र हे मुंबईचे ठरीव दृश्य बनले. या ठिकाणाहून पाहणाऱ्याच्या नजरेत समुद्र, नारळी आणि किल्ला प्रथम भरतात. परळकडे पाहण्यासाठी मान दुसऱ्या दिशेला वळवावी लागते.

वेल्सनंतर सुमारे पाव शतकाने जोझे गोन्साल्विस याची शिळाछाप दृश्ये येतात. मुंबईत शिळाछापाचे तंत्र हाताळणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्याची गणना होते. त्याने टेकडीवरून खाली उतरून किल्ल्यातील हिरवळ व तिच्याकाठच्या इमारती काढल्या. येथे प्रथमच रस्ता हा पाहण्याचा विषय होतो. पालख्या, घोडागाड्या, बैलगाड्या, छत्र्या घेतलेली माणसे यांची त्याच्या चित्रांत वर्दळ आहे. परंतु बारकाईने पाहता या माणसांचे कार्य ठरलेले दिसते. इमारत किती उंच आहे हे कळावे म्हणून ती उभी आहेत. वाक्यरचनेच्या परिभाषेत बोलायचे, तर इमारत हे उद्देश्य असून माणसे हा त्याचा विस्तार आहे. ती काढून टाकली तर वाक्य किंचित बोडके होईल, पण अर्थहीन होणार नाही. तरीही गोन्साल्विसचे महत्त्व कमी लेखता येत नाही. १८६२ नंतर किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. तटाच्या आतील जुन्या मुंबईचे रूप समजून घेण्यास त्याच्या दृश्यांची मदत अपरिहार्य आहे.

४

छायाचित्रणाच्या आगमनाने ही दृष्टी बदलेल अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. यंत्र आवडनिवड करीत नाही, असा त्या काळी विश्वास होता. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे पहिल्या गिरणी-कंपनीचे आणि या संस्थेचे जन्मवर्ष एकच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या कार्यात पुढाकार घेणाऱ्या एतद्देशीयांपैकी होते. तेव्हा गिरणी आणि कॅमेरा यांची गाठ पडण्यास कालदृष्ट्या काहीच अडचण नव्हती. तरीही ती गाठ पडली नाही.

त्याचे एक कारण तांत्रिक आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तत्कालीन ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. चालणारा माणूस त्यात टिकत नसे. फार तर त्याचा पुसट ठसा राही. यामुळे गजबजलेला रस्ताही निर्जन दिसे. जुन्या छायाचित्रांतील ओस रस्ते पाहून त्या काळी मुंबईत शांतता नांदत होती, असे अनुमान काढणे म्हणजे यंत्राच्या मर्यादेला इतिहास समजणे होय. त्याचप्रमाणे गिरणीच्या आत प्रकाश अपुरा असे आणि आत जाण्यास मालकाची अनुज्ञा लागे. चित्रातील प्रत्येक अभाव हा हेतुपुरस्सर केलेला असतो, असे मानणारी टीका उथळ ठरते.

परंतु तांत्रिक कारणाने सर्व उलगडा होत नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या लोकांच्या जातिजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांची छायाचित्रे वेगळी घेऊन ती दुसरीकडे टिपलेल्या देखाव्यावर बसविण्यात आली. चालणारा माणूस यंत्रात टिकत नव्हता हे खरे. पण या पद्धतीने त्याला रस्त्यात आणता येत होते आणि तसा तो आणलाही गेला. मात्र तो कोण म्हणून आणला गेला? भाटिया, मेमण, नागर ब्राह्मण म्हणून. म्हणजे व्यक्ती म्हणून नव्हे, व्यवसायी म्हणूनही नव्हे, तर जातीचा नमुना म्हणून. त्याच्यामागचा देखावा हा त्याचा रस्ता नव्हता, केवळ पडदा होता. रस्त्याप्रमाणेच माणसालाही सामान्यनाम मिळाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. ‘गिरणी कामगार’ ही नवी ओळख याच वर्षांत निर्माण होत होती, पण या वर्गीकरणात तिला घर नव्हते. कामगार हा जन्माने होत नाही. आणि जन्मावरून माणसे मांडणाऱ्या ग्रंथाला त्याचे काय करावे हे उमगणे शक्य नव्हते.

इमारतींचे भाग्य याच्या उलट होते. तटबंदी गेल्यावर मोकळ्या झालेल्या मैदानाकाठी सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), राजाबाई टॉवर (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) यांची रांग उभी राहिली. ही रांग छायाचित्रासाठीच उभी केली असावी असे वाटण्याइतकी ती कॅमेऱ्यास अनुकूल आहे. समोर मोकळे मैदान, पश्चिमेचा प्रकाश, उंच मनोरे. आणि दगड हलत नाही. बोरी बंदरच्या रेल्वे स्थानकाच्या बाबतीत तर चित्र वास्तूच्या आधी जन्मास आले. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुकाराच्या या इमारतीचे जलरंगातील आलेखन ॲक्सेल हेग याने १८७८ मध्ये तयार केले. इमारत पूर्ण होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. म्हणजे पाहणाऱ्याने पुढे काय पाहावे, कोणत्या बाजूने पाहावे, घुमट आकाशात कसा दिसावा, हे सर्व वास्तू उभी राहण्यापूर्वीच निश्चित झाले होते. नंतरची असंख्य छायाचित्रे पाहिली असता त्यांतील कितीतरी हेगच्याच कोनातून टिपलेली वाटतात. वास्तवाने येथे चित्राचे अनुकरण केले.

गिरणीचे असे आलेखन कोणी प्रदर्शित केले नाही. गिरणीची चित्रे अजिबात नव्हती असे म्हणणे चूक ठरेल. ती वेगळ्या कपाटांत होती. कर्नल लॉटन याने १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मोजणीच्या नकाशांत घरोघरची आखणी आहे, कारण ते नकाशे महसुलासाठी होते. यंत्रसामग्री प्रामुख्याने लँकेशायरमधून, विशेषतः ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून येई. तिच्यासोबत यंत्रांचे आराखडे येत. कापडाच्या ठाणावर चिकटवावयाच्या रंगीत चिठ्ठ्या छापल्या जात, पण त्यांवर बहुधा देवदेवता, राजे किंवा सुंदर स्त्रिया असत. ज्या हातांनी ठाण विणले ते हात तेथे नसत. महसूल, यंत्र आणि माल या तीन रूपांनी गिरणीची नोंद झाली. ‘दृश्य’ या रूपाने झाली नाही.

येथे मँचेस्टरशी तुलना उद्बोधक ठरते. मुंबईच्या गिरण्यांनी ज्या नगराशी स्पर्धा केली, त्याचे विल्यम वाइल्ड याने १८५२ मध्ये केर्सल मूर येथून काढलेले जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. पुढे शेळ्या, गवत आणि विश्रांती घेणारे जोडपे. मागे क्षितिजभर धुराड्यांची रांग. या चित्रातही कामगारांचा रस्ता दिसत नाही, हे खरे. धुराचेही त्याने सौंदर्य केले आहे. परंतु मँचेस्टर म्हणजे धुराडी, हे तेथे गृहीत धरले आहे. मुंबईच्या दृश्यकारांनी तेवढेही गृहीत धरले नाही. मँचेस्टरचा धूर साम्राज्याच्या वैभवाचे लक्षण मानला गेला. मुंबईचा धूर त्या वैभवाचा प्रतिस्पर्धी होता, आणि त्याचे मालक बहुतांशी एतद्देशीय होते. इंग्रज प्रवाशाने विकत घ्यावयाच्या संग्रहात या धुराला जागा न मिळणे समजण्यासारखे आहे.

५

देशी वस्तीचे अंतरंग चित्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर आले ते १८९६ च्या प्लेगमुळे. रोगाच्या निवारणार्थ जी कामे झाली त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. बंबाच्या पाण्याने घरे धुणारी पथके, चुना फासलेल्या भिंती, इस्पितळांच्या झोपड्या. त्यांत अरुंद गल्ल्या दिसतात, चाळींचे जिने दिसतात, दारात थबकलेली माणसे दिसतात. इतकी वर्षे जो रस्ता कॅमेऱ्यास दिसला नव्हता तो अकस्मात दिसू लागला. पण दोषी म्हणून. विशेष लक्षणीय म्हणजे या काळात भिंतींवरच अक्षरे आली. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविलेल्या घरांवर तसा निर्णय सांगणारी इंग्रजी आद्याक्षरे रंगविली जात. रोगी आढळल्याच्या खुणा दारांवर केल्या जात. चित्राखालची ओळ येथे चित्रातल्या भिंतीवर चढली. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती वाचताही येत नव्हती.

यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढले. मंडळाच्या योजनांना क्रमांक होते. दादर–माटुंग्याची योजना पाचवी, शीव–माटुंग्याची सहावी. व्याकरणात क्रमवाचक शब्द हे विशेषण असते. येथे त्याने नामाची जागा घेतली. जुन्या गल्लीला चित्रात सामान्यनाम तरी होते. योजनेत तिला केवळ क्रमांक उरला.

या पार्श्वभूमीवर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे रेखाटन तपासले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापन केलेल्या या मराठी चित्रकाराने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस. एम. एडवर्ड्‌सच्या मुंबईतील आडवाटांवरील पुस्तकासाठी चित्रे काढली. धुरंधरांची रेषा माणसांना जवळून ओळखते. पदर कसा घेतला जातो, डोक्यावरचे ओझे कसे तोलले जाते, हे तिला शिकवावे लागत नाही. जॉन्सनच्या चिकटवलेल्या आकृतींशी तुलना केली असता हा फरक तत्काळ जाणवतो. परंतु ग्रंथाची चौकट एडवर्ड्‌सची होती, आणि तो तेव्हा मुंबईचा पोलीस आयुक्त होता. अफूचे अड्डे, मोहरम, सिद्दी, कोळी, असे विषय त्याने निवडले. त्या वर्षी गिरण्यांत काम करणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या घरात होती. त्यांच्या दिवसाचा वृत्तान्त हा त्या पुस्तकाचा विषय झाला नाही. धुरंधरांसारखा समर्थ हात उपलब्ध असूनही परळचा रस्ता अचित्रित राहिला, यावरून प्रश्न कौशल्याचा नसून विषयनिवडीच्या अधिकाराचा होता, हे स्पष्ट होते.

६

चित्रांनी जे सोडले ते भाषेने धरून ठेवले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जॉन्सनचा पहिला खंड आणि हे पुस्तक समकालीन आहेत. जॉन्सनने माणसे जातवार मांडली. माडगावकरांनी शहर रस्त्यांनी, तळ्यांनी, देवळांनी, बाजारांनी आणि त्यांत चालणाऱ्या व्यवहारांनी मांडले. त्यांच्याकडे रस्त्याला नाव आहे, कारण त्यांचा वाचक त्या रस्त्याने जाणारा होता.

मुंबईची मराठी स्थलनामे हाही एक चित्रसंग्रहच आहे. धोबी तलावातील तलाव बुजला, नाव उरले. ताडदेव, चिंचपोकळी, फणसवाडी या नावांत झाडे उभी आहेत. तांबा काटा, लोहार चाळ, दाणा बंदर यांत धंदे चालू आहेत. बोरी बंदरच्या स्थानकास १८८७ मध्ये राणीचे नाव मिळाले, १९९६ मध्ये ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द समाविष्ट झाला. या सर्व काळात ‘बोरी बंदर’ हे नाव वृद्धांच्या बोलण्यातून गेले नाही. गिरणगावाचा शब्दसंग्रह तर अधिकच बोलका आहे. साचेखाता, कांडीखाता, जॉबर, बदलीवाला, पाळी, भोंगा, गावकीची खोली, खानावळ. ‘गिरणी सुटली’ या दोन शब्दांत जो रस्ता उभा राहतो, तो कोणत्याही चित्रसंग्रहात इतका स्पष्ट नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी, अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता यांनी हा रस्ता शब्दांत नोंदविला. मराठी साहित्याने जे केले ते मुंबईच्या चित्रकलेने फार उशिरा केले.

उशिरा का होईना, ते झाले, याची नोंद करताना सुधीर पटवर्धन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या आणि ठाण्यात राहणाऱ्या या चित्रकाराने १९७० नंतरच्या काळात कष्टकरी माणूस आणि त्याचे नगर हाच आपला विषय मानला. त्यांच्या ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या चित्रातील माणूस इमारतीची उंची दाखविण्यासाठी बसलेला नाही; चित्राचा कर्ता तोच आहे. ‘लोअर परळ’ (२००१) या त्यांच्या चित्राचे शीर्षकही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘गिरणी वस्तीतील एक रस्ता’ असे ते नाही. ते विशेषनाम आहे. दोनशे वर्षांच्या परंपरेत एका कामगार-वस्तीला चित्राखाली स्वतःचे नाव अशा रीतीने मिळाले. मात्र ते मिळाले तेव्हा ती वस्तीच विरत चालली होती, हा या घटनेतील विषाद आहे.

हा विषाद केवळ कलेतिहासाचा नव्हे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि २००१ मध्ये तीत झालेल्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींचा नवा वापर शक्य झाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो मार्ग कायम राहिला. त्याच काळात, १९९५ मध्ये, मुंबईतील वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम अमलात आले. २००४ मध्ये बोरी बंदरचे स्थानक आणि २०१८ मध्ये मैदानाकाठच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. या वास्तू त्या मानास पात्र आहेत, यात शंका नाही. परंतु जे संरक्षित झाले आणि जे शतकभर चित्रित झाले, त्या दोहोंच्या सीमा जवळजवळ एक आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्याचे चित्र होते ते जतन करण्यासारखे वाटले. ज्याचे चित्र नव्हते त्याची जमीन मोकळी दिसली. जेथे काही राहिले तेथे बहुधा धुराडे राहिले. विक्रीच्या दालनांमध्ये उभे असलेले धुराडे पाहताना वाइल्डच्या चित्राची आठवण होते. माणसांवाचून उरलेले धुराडे हे पुन्हा एकदा दृश्यच झाले आहे.

यावरून जुन्या चित्रांचा पुरावा त्याज्य ठरतो, असा निष्कर्ष काढणे अयोग्य होईल. वेल्सवाचून बांधाचे, गोन्साल्विसवाचून तटाआतील नगराचे, हेगवाचून एका घुमटाच्या कल्पनेचे आकलन अपुरे राहील. आवश्यक आहे ती वाचनाची शिस्त. चित्र कोठून पाहिले, कोणासाठी काढले, त्याखालचे नाव कोणत्या भाषेतील आहे आणि ते नाव विशेष आहे की सामान्य, हे चार प्रश्न प्रत्येक चित्रास विचारले पाहिजेत. चित्रसंग्रहांच्या सूचीत आज चित्रकार, वर्ष, माध्यम व माप यांची नोंद असते. चित्रातील स्थळाचे रहिवाशांच्या तोंडचे नाव नोंदविण्याचा रकाना बहुधा नसतो. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासाने असे काम किती फलदायी होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. ज्यांच्या कानात भोंगा अद्याप आहे अशी माणसे आज साठीसत्तरीच्या पुढे गेली आहेत. ‘देशी वस्तीतील एक रस्ता’ असे लिहिलेले छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवले, तर त्यांतील काही जण कोपऱ्यावरचा नळ, जिन्याचे वळण किंवा देवळाचा कळस पाहून त्या रस्त्याचे नाव सांगू शकतील. पुढील पिढीला ते सांगता येणार नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने चित्रांच्या दालनात जाण्याचे प्रयोजन हेच होय.